बोअर, रिंगा आणि पहिले पाचशे किलोमीटर

चेतक स्कूटरच्या इंजिनाचं माप एकदा ऐकलं की विसरत नाही. सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर, पिस्टनची धावही ५७ मिलिमीटर. हिशेब केला की १४५.४५ सीसी येतात. या आकड्यावर महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीची नोकरी, दूध, गॅसची टाकी आणि पोरांची शाळा वाहिली गेली. पिआज्जिओबरोबरचा वेस्पाचा करार १९७१ मध्ये संपला आणि आकुर्डीच्या बजाज ऑटोने १९७२ पासून स्वतःच्या नावाने चेतक काढली. त्याच वर्षी पुण्याच्या फिरोदियांची ५० सीसीची लूना आली. तीही पिआज्जिओच्याच ‘चाओ’ या मोपेडवर बेतलेली. १९७५ मध्ये बजाज आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स उभी केली आणि तिथून ‘प्रिया’ निघू लागली. १९८४ मध्ये फिरोदियांची कायनेटिक आणि होंडा स्कूटरसाठी एकत्र आल्या. या सगळ्या गाड्यांच्या पोटात एकाच जातीचं इंजिन होतं, टू-स्ट्रोक.

घाट उतरून ती इंजिनं रत्नागिरीतही आली. चेतक कचेरीत जाणाऱ्यांकडे, लूना मास्तरांकडे, आणि ऐंशीच्या दशकातली बजाज एम-८० पाववाल्यांकडे आणि मासळीच्या टोपल्या नेणाऱ्यांकडे. पुढे प्रदूषणाचे नियम आवळत गेले. १ एप्रिल २००० पासून दुचाकीला किलोमीटरमागे २ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइड मिळून २ ग्रॅम एवढीच मुभा राहिली. २००५ मध्ये दोन्ही आकडे दीडवर आले, २०१० मध्ये एकवर. टू-स्ट्रोकचा रस्त्यावरचा संसार तिथेच जवळपास आटोपला. बजाजने तर २०१० पर्यंत स्कूटर बनवणंच बंद केलं.

तरीही रत्नागिरी तालुक्यात टू-स्ट्रोकची दुरुस्ती थांबलेली नाही. एम.एच.-०८ पाटीच्या जुन्या चेतक आणि आरएक्स १०० मोटरसायकली जीव लावून सांभाळणारे लोक आहेत, हे एक कारण. दुसरं कारण त्याहून मोठं आहे: ग्रास कटर. आंब्या-काजूची बाग असलेल्या घराच्या पडवीत खांद्याला अडकवायचं ते यंत्र आज सहज दिसतं. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कलमांखाली कमरेएवढं गवत माजतं, आणि हापूसला मोहोर येण्याआधी बाग साफ व्हावी लागते. विळा-कोयतीने ते काम करणारे हात आता मिळत नाहीत. मग तीस ते पन्नास सीसीचं छोटं इंजिन ते काम करतं. लाकूड कापणारी चेन सॉ, पाठीवरचा औषध-फवारणीचा ब्लोअर, छोट्या होडीच्या मागे लावलेलं जुनं आऊटबोर्ड, ही त्याच घराण्यातली मंडळी. ही इंजिनं वाहनांच्या नियमांत बसत नाहीत, म्हणून टिकून आहेत. टिकून असली तरी ती धडधाकट असतात असं नाही.

त्यांचं दुखणं समजायचं तर रचना पाहायला हवी. फोर-स्ट्रोक इंजिनात खाली तेलाची वेगळी टाकी असते आणि पंप ते तेल फिरवत राहतो. टू-स्ट्रोकला तशी टाकी नाही. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे याने पिस्टनखालच्या बंद पेटीचाच, म्हणजे क्रँककेसचा, पंप म्हणून उपयोग करण्याची युक्ती काढली. पिस्टन वर गेला की त्या पेटीत हवा-पेट्रोल ओढलं जातं. खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांतून वर जातं आणि जळालेल्या वायूला बाहेर ढकलतं. त्याच्याच हाताखालच्या फ्रेडरिक कॉक याने पिस्टनची बाजूच या खिडक्यांची उघडझाप करील अशी सुधारणा केली, आणि व्हॉल्व्ह, कॅम, साखळी यांची गरज संपली. १९२० च्या दशकात जर्मनीच्या श्नुर्लेने खिडक्यांची दिशा अशी वळवली की ताजं मिश्रण सरळ धुराड्याकडे न जाता आधी मागच्या भिंतीकडे वळसा घेतं. डे १९४६ मध्ये वारला. त्याच वर्षी इटलीत पहिली वेस्पा विक्रीला आली.

ही रचना स्वस्त आहे, हलकी आहे, आणि क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक धक्का देते. ग्रास कटर मिनिटाला ८,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १३३ स्फोट होतात. याची किंमत दोन जागी मोजावी लागते. धुराड्याची खिडकी उघडी असतानाच ताजं मिश्रण आत येत असल्यामुळे पेट्रोलचा मोठा वाटा, साध्या कार्बोरेटरच्या इंजिनात सुमारे पाव हिस्सा आणि कधी त्याहूनही अधिक, न जळताच बाहेर पडतो. दुसरी किंमत तेलाची. क्रँककेसमधून पेट्रोल जातं म्हणून तिथे तेल साठवता येत नाही. ते पेट्रोलमध्येच मिसळून पाठवावं लागतं. बेअरिंगला, गजन पिनला, रिंगांना मिळणारं तेल म्हणजे पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहिलेला पातळ ओलावा. तोही पुढच्या काही फेऱ्यांत जळून जातो. या इंजिनाच्या बांधणीतली आणि बांधल्यानंतरच्या वागणुकीतली जवळपास प्रत्येक गोष्ट त्या ओलाव्याला जपण्यासाठी आहे. हे एकदा ध्यानात आलं की मिस्त्रीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचत जातात.

कोकणात टू-स्ट्रोक बहुतेकदा पळून मरत नाही, पडून मरतं. ग्रास कटर वर्षातले थोडे दिवस चालतो आणि बाकीचे महिने भिंतीला टेकून असतो. हवेत ओल, किनाऱ्याजवळ खारं वारं, टाकीत राहिलेलं जुनं पेट्रोल. पेट्रोल उडून जातं, कार्बोरेटरच्या बारीक भोकांत चिकट राळ उरते. पिस्टन जिथे थांबला असेल तिथे धुराड्याची खिडकी उघडी राहिली तर दमट हवा थेट सिलिंडरमध्ये शिरते. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या, म्हणजे बिग एन्डच्या, बेअरिंगच्या सुयांवर गंजाचे ठिपके उठतात, रिंगा खाचेत चिकटतात. पुढच्या हंगामात दोरी ओढून ओढून कसंबसं चालू केलेलं इंजिन त्या गंजाच्या कणांसकट आठ हजार फेऱ्यांवर पळवलं जातं. चार-दोन दिवस चालतं, मग आवाज बदलतो.

इंजिन खोलायची वेळ आली, हे कसं ओळखायचं? किक किंवा दोरी हलकी लागायला लागते. थंड असताना सुरू होतं, पण तापल्यावर बंद केलं की परत सुरू होत नाही. चढाला जीव जातो. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर दाब निसटतो आहे आणि रिंगा-बोअर झिजले आहेत, हे जवळपास नक्की. पण घाई करून ब्लॉक काढण्याआधी सायलेन्सर पाहावा. टू-स्ट्रोकच्या धुराड्यात तेलाचा कोळसा साठत जातो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. ‘इंजिन गेलं’ म्हणून आणलेल्या गाड्यांपैकी काहींचं दुखणं केवळ एवढंच निघतं. चेतकच्या काळात सायलेन्सर काढून भट्टीत लाल करणं किंवा कॉस्टिकच्या पाण्यात बुडवणं हे गॅरेजचं नेहमीचं काम होतं. ग्रास कटरला धुराड्याच्या तोंडाशी ठिणगी अडवणारी बारीक जाळी असते. ती बुजली की मालक कार्बोरेटरशी झटत बसतो.

दुसरं सोंग ऑइल सीलचं. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात, कारण क्रँककेस हा पंप आहे आणि पंपाला गळती चालत नाही. स्कूटरमध्ये क्लचच्या बाजूचा सील गेला तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं, गाडी दाट पांढरा धूर ओकते आणि गिअर ऑइल गुपचूप कमी होत जातं. मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला तर उलट होतं: फुकटची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, आणि अॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन वरच्या सुरात ओरडत राहतं. या दुसऱ्या लक्षणाकडे काणाडोळा करणं महाग पडतं. पातळ मिश्रण म्हणजे जादा उष्णता आणि कमी तेल, दोन्ही एकदम. जुन्या इंजिनात नवा पिस्टन टाकून जुनेच सील ठेवले तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जातो. सीलची जोडी बदलायला काही रुपये लागतात, बोअर-पिस्टनला त्याच्या कितीतरी पट. ब्लॉक काढला आणि सील तसेच ठेवले, या बचतीला काही अर्थ नाही.

गळती तपासायची एक सोपी युक्ती आहे, आणि ती आपल्या गॅरेजांत जितकी दिसायला हवी तितकी दिसत नाही. कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडं रबराने बंद करायची, आणि आत हलका दाब भरून तो टिकतो का पाहायचं. पाच-सहा पौंड पुरेत. रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि काटा यासाठी चालतो. त्याच्या तबकडीवरचे ३०० म्हणजे सुमारे ५.८ पौंड. काटा खाली आला तर साबणाच्या पाण्याचा बुडबुडा गळतीची जागा दाखवतो. बांधणी झाल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी ही परीक्षा घेतली तर पुढची निम्मी रडकथा वाचते.

आता ब्लॉक. तो बिडाचा असेल, चेतकसारखा, तर तो पुन्हा कातता येतो. आधी मोजमाप. बोअर गेजने वर, मधे, खाली अशा तीन पातळ्यांवर, आणि प्रत्येक पातळीवर आडवं-उभं असं दोनदा मापायचं. झीज कधीच सारखी नसते. वरच्या टोकाला, जिथे रिंग वळते आणि उष्णता जास्त, तिथे सिलिंडर अधिक खातो, आणि पिस्टन ज्या बाजूंना रेलतो तिथे तो लंबगोल होतो. ‘बोटाने पाहिलं, चांगला आहे’ हे माप नव्हे. झीज मर्यादेपलीकडे असेल तर लेथवाल्याकडे बोअरिंगला द्यायचा आणि एक पायरी मोठा पिस्टन घालायचा. पायऱ्या सहसा पाव मिलिमीटरच्या: ०.२५, ०.५०, ०.७५, १.००. चेतकचा ५७ चा बोअर चौथ्या पायरीला ५८ होतो आणि १४५.४५ सीसीचं इंजिन १५०.६ सीसीचं होतं. ताकद वाढते म्हणून कुणी खूश होऊ नये. त्यानंतर ब्लॉकमध्ये कातायला काही उरत नाही.

इथे एक नियम आहे, तो मोडण्याची सवय फार जुनी आहे. आधी पिस्टन हातात यायला हवा, मग बोअर. पिस्टनच्या डब्यावरचा आकडा आणि प्रत्यक्ष पिस्टन यांत फरक असतो, आणि इथे शतांश मिलिमीटरची गोष्ट आहे. पिस्टन अॅल्युमिनियमचा, ब्लॉक बिडाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ढोबळ हिशेब करून पाहू. ५७ मिलिमीटरचा पिस्टन २०० अंशांनी तापला तर व्यासात सुमारे ०.२३ मिलिमीटर वाढतो. पंख्याच्या हवेतला ब्लॉक १२० अंशांनी तापला तर साधारण ०.०७५ ने. म्हणजे थंड असताना दीड दशांश मिलिमीटर मोकळीक नसेल तर तापल्यावर पिस्टनला जागाच उरत नाही. प्रत्येक इंजिनाची मोकळीक वेगळी. पाण्याने थंड होणाऱ्या किंवा वेगळ्या धातूच्या सिलिंडरला ती बरीच कमी चालते. म्हणून ती कंपनीच्या पुस्तिकेतून घ्यायची, शेजारच्या गाडीवरून नाही. पिस्टन दिसायला गोल असला तरी तो गोल नसतो, हेही लेथवाल्याला ठाऊक हवं. तो किंचित लंबगोल घडवलेला असतो आणि डोक्याकडे निमुळता, कारण डोकं जास्त तापतं. माप घ्यायचं ते खालच्या बाजूला, पिनच्या काटकोनात.

कातल्यानंतर होनिंग. घासदगडांनी सिलिंडरच्या भिंतीवर तिरपे, एकमेकांना छेदणारे बारीक ओरखडे काढतात. आरशासारखा गुळगुळीत बोअर बघायला छान, पण नव्या रिंगेला तो घातक. ओरखड्यांच्या माथ्यावर रिंग घासून बसते आणि तळात तेल थांबतं. खाचराला बांध घातल्यावर पाणी थांबतं तसंच. बांध नसेल तर पाऊस कितीही पडो, शेत कोरडंच.

आणि मग ते काम, जे टू-स्ट्रोकला विशेष आहे आणि घाईत हमखास राहून जातं. बोअरिंगनंतर भिंतीतल्या खिडक्यांच्या कडा धारदार होतात. रिंग खिडकीवरून जाताना जराशी बाहेर फुगते आणि तिची कड त्या धारेवर आपटते. बारीक कानशीने किंवा दगडाने सगळ्या खिडक्यांच्या कडा मोडून घ्याव्याच लागतात. याच कारणाने टू-स्ट्रोकच्या पिस्टनला रिंगेच्या खाचेत बारीक खुंटी असते. रिंगेचं तोंड फिरत फिरत खिडकीत जाऊन अडकू नये म्हणून. रिंग बसवताना तोंड खुंटीवर आलं का हे पाहायचं, आणि पिस्टनच्या डोक्यावरचा बाण धुराड्याकडे करायचा. बाण उलटा पडला तर तोंडं नेमकी खिडकीसमोर येतात.

रिंग आधी नुसतीच बोअरमध्ये सरळ ढकलून तिच्या तोंडातली फट फीलरने मोजतात. जुना सर्वसाधारण नियम बोअरच्या दर इंचाला चार थाऊचा, म्हणजे इंचाच्या चार हजारांशांचा. ५७ मिलिमीटर म्हणजे सव्वादोन इंचांच्या आत, म्हणून नऊ थाऊ, सुमारे ०.२३ मिलिमीटर. फट कमी असेल तर तापल्यावर रिंगेची टोकं भिडतात आणि ती भिंतीत रुतते.

क्रँकचं काम वेगळ्या हाताचं. टू-स्ट्रोकचा क्रँक दोन चकत्या आणि मधली पिन असा दाबून जोडलेला असतो. कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरून वर-खाली हलवावा. जराही टकटक जाणवली तर बिग एन्ड गेला. डावं-उजवं थोडं हलणं मात्र असायलाच हवं, तेल तिथूनच शिरतं. नवी पिन प्रेसवर बसवली की क्रँक दोन टोकांवर धरून डायल गेजखाली फिरवायचा आणि तांब्याच्या हातोडीने ठोकत ठोकत सरळ करायचा, शतांशांत. डायल गेज नसलेल्या जागी क्रँक देऊ नये, इतकं साधं आहे हे. वेस्पाच्या वंशातल्या इंजिनांत याला आणखी एक पदर आहे. तिथे क्रँकची चकतीच फिरता फिरता कार्बोरेटरची वाट उघडते आणि मिटते. चकती आणि केसिंग यांच्यातली जागा केसाएवढी. एअर फिल्टर काढून गाडी चालवणाऱ्याच्या इंजिनात वाळूचा कण शिरला की केसिंगला चरे पडतात, आणि मग क्रँक बदलून भागत नाही.

ग्रास कटर आणि चेन सॉचा ब्लॉक मात्र बहुतेकदा अॅल्युमिनियमचा, आतून क्रोम किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा दिलेला. यातला ‘निकासिल’ हा मुलामा जर्मनीच्या माले कंपनीने १९६७ मध्ये आणला. तो अतिशय कठीण असतो आणि उष्णता झटकन बाहेर सोडतो. पण तो कातता येत नाही. चरे पडले तर ब्लॉक आणि पिस्टन जोडीने बदलायचा. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त ‘किट’मध्ये मुलाम्याची कड खिडकीशी सोललेली आहे का, हे नखाने आणि भिंगाने पाहिल्याशिवाय ते बसवू नये.

इंजिन बांधून झालं, सुरू झालं, धूर निघाला. मालकाला वाटतं काम संपलं. खरं तर रिंग आणि भिंत अजून एकमेकांना फक्त ओरखड्यांच्या माथ्यांवर टेकलेल्या असतात. तिथे दाब जास्त, घर्षण जास्त, उष्णता जास्त. माथे झिजून दोघांची नीट बैठक होईपर्यंतचा काळ म्हणजे रनिंग-इन. स्कूटरसाठी साधारण पाचशे ते हजार किलोमीटर, आणि त्यातले पहिले पाचशे सगळ्यात नाजूक.

या काळाबद्दल दोन टोकाच्या समजुती आहेत. एक, इंजिन स्टँडवर लावून तासन् तास नुसतं गुरगुरत ठेवायचं. दुसरी, पहिल्याच दिवशी पिळून काढायचं म्हणजे ते ‘मोकळं’ होतं. पहिल्यात रिंगांवर दाबच येत नाही. त्यांना भिंतीकडे ढकलतो तो ज्वलनाचा वायू, आणि नुसत्या गुरगुरण्यात तो अपुरा असतो. रिंगा बसत नाहीत, भिंतीवर तेलाची चकाकी चढते, धुराड्यात कोळसा साठतो. दुसऱ्यात पिस्टन ब्लॉकच्या आधी तापतो आणि अडकतो. असा पिस्टन काढून पाहिला तर पिनच्या दोन्ही अंगांना चार जागी उभे चरे दिसतात. थंड इंजिन सुरू करून लगेच पळवल्याची ती सही असते. सिलिंडरला तापायला दोन मिनिटं दिली असती तर ती उमटली नसती.

बरोबर रीत मधली आहे. इंजिन गरम होऊ द्यायचं, मग निम्म्या ते पाऊण अॅक्सिलरेटरपर्यंत हलका भार द्यायचा, वेग सतत वरखाली करायचा, मोठ्या चढाला गिअर लवकर पाडायचा, आणि पंधरा-वीस किलोमीटरनंतर पूर्ण गार होऊ द्यायचं. तापणं आणि गार होणं या फेऱ्यांतच सगळे भाग आपापल्या जागी बसतात. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर, इंजिन गार असताना, हेडचे नट पुन्हा तपासायचे. प्लग काढून पाहायचा: तांबूस-तपकिरी ठीक, काळा ओला म्हणजे मिश्रण दाट, पांढरट कोरडा म्हणजे पातळ. पांढरा दिसला तर तिथून पुढे एक किलोमीटरही जाऊ नये.

रत्नागिरीच्या माणसाला हे करायला सपाट रस्ता नाही, ही खरी अडचण. भाट्याच्या पुलावरून पावसकडे जा किंवा आरे-वारेवरून गणपतीपुळ्याकडे, चढउतार चुकत नाही. चढाची काळजी सगळे घेतात. धोका उतारात आहे. आंबा घाट उतरताना अॅक्सिलरेटर पूर्ण बंद आणि गाडी गिअरमध्ये, म्हणजे इंजिन चाकांच्या जोरावर जोरात फिरतंय आणि कार्बोरेटर मिटलेला. पेट्रोल येत नाही म्हणून त्यातलं तेलही येत नाही. फोर-स्ट्रोकला यात काही इजा नाही, तिथे पंप तेल देतच राहतो. चेतक, लूना यांसारख्या पेट्रोलमध्ये तेल घालायच्या गाड्यांत नवा पिस्टन मात्र कोरड्या भिंतीवर घासतो. म्हणून लांब उतारावर अधूनमधून क्लच दाबून अॅक्सिलरेटरला हलका पीळ द्यायची जुन्या स्कूटरवाल्यांची सवय होती. ती शास्त्रशुद्ध होती. आरएक्स १०० सारख्या गाड्यांत तेलाचा वेगळा पंप असतो, तिथे हा धोका कमी. पण इंजिन खोलल्यावर त्या पंपाच्या नळीतली हवा काढायला विसरलं तर पहिल्याच फेरीत सगळं संपतं.

ग्रास कटरला किलोमीटर नसतात, तिथे टाक्या मोजायच्या. स्टिलसारख्या कंपनीच्या पुस्तिकेत पहिल्या तीन टाक्या संपेपर्यंत यंत्र भाराविना पूर्ण वेगाने पळवू नये असं सांगितलेलं असतं. कारण उघड आहे: पातं हवेत फिरत असताना वेग सगळ्यात जास्त चढतो. पहिल्या टाक्यांना कोवळं गवत कापावं, झुडपांना हात लावू नये, आणि सिलिंडरच्या पंखांत अडकलेला भुसा रोज झाडावा. भुशाने झाकलेल्या पंखांतून उष्णता बाहेर पडत नाही.

तेल किती घालायचं यावरून वाडीवाडीत वाद होतात. १:५० म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, १:२५ म्हणजे ४०. चांगल्या दर्जाचं, जासो एफसी किंवा एफडी असं छापलेलं तेल असेल तर पुष्कळ यंत्रांना १:५० पुरतं. साध्या तेलाला काही कंपन्या १:२५ सांगतात. पुस्तिका सांगेल ते प्रमाण खरं. रनिंग-इनमध्ये थोडं जास्त तेल घालतात, पण ‘जास्त तेवढं चांगलं’ हा हिशेब फसवा आहे. तेलाने पेट्रोलची जागा घेतली की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण पातळ होतं. एकेकाळी पेट्रोलपंपावर टू-टी तेलाचा हातपंप असायचा आणि सुटं तेल कुठूनही यायचं. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये टू-स्ट्रोक वाहनांना पंपावर तेल मिसळलेलंच पेट्रोल द्यावं असा आदेश दिला, तो या सुट्या तेलाच्या धुरामुळेच. आज दोन चुका उरल्या आहेत. गाडीतून काढलेलं काळं ऑइल ग्रास कटरला घालणं ही एक. दुसरी किनाऱ्यावरच्या घरांतली: होडीच्या आऊटबोर्डचं टीसी-डब्ल्यू३ तेल बागेतल्या यंत्राला वापरणं. ते तेल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं. हवेने थंड होणारा सिलिंडर त्याहून बराच जास्त तापतो, आणि तिथे ते टिकत नाही.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल अधिकृतपणे सुरू झालं आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरलं. साध्या पेट्रोलच्या १ किलोला पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. २० टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जेट तोच ठेवला तर इंजिन सात-आठ टक्के पातळ चालू लागतं. फ्युएल इंजेक्शनची गाडी स्वतः जुळवून घेते. १९८५ च्या कार्बोरेटरला ते जमत नाही. म्हणून आज जुनं इंजिन बांधताना मेन जेट एक पायरी मोठा लावून प्लगचा रंग पाहणं हा बांधणीचाच भाग धरायला हवा. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, आणि कोकणच्या हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. नळी तळाशी असते. इंजिनाला पहिला घोट मिळतो तो तेल नसलेला. कॅनमध्ये मिसळून ठेवलेलं गेल्या हंगामाचं पेट्रोल नव्या पिस्टनला पाजू नये ते यासाठी. ग्रास कटरच्या कार्बोरेटरमधला रबरी पडदा आणि पेट्रोलची नळीही या इंधनात कडक होतात किंवा फुगतात. इंजिन खोललंच असेल तर ती दोन्ही त्याच वेळी बदलून घ्यावीत.

हंगाम संपला की यंत्र ठेवताना टाकी रिकामी करावी, मग इंजिन सुरू करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावं. गार झाल्यावर प्लग काढून भोकातून चमचाभर टू-टी तेल सोडावं, दोरी हळूच दोन-तीनदा ओढावी, प्लग परत लावावा, आणि दोरी ओढताना जिथे दाब लागायला सुरुवात होते तिथे थांबावं. त्या जागी पिस्टनने धुराड्याची खिडकी झाकलेली असते. एअर फिल्टर धुऊन सुकवून बसवावा आणि यंत्र जमिनीवर न ठेवता, कोरड्या भिंतीला खुंटीवर टांगावं. खताच्या गोणींपासून ते दूर असावं. खतातले क्षार समुद्राच्या वाऱ्याइतकेच धातू खातात.